एका सुराचा गावप्रमुख : मेंडेलसोन भावंडांच्या एका घरगुती मैफलीचा अभ्यास

ज्याला सूर म्हणजे काय हेच कळत नाही, अशा माणसाला गाण्यांच्या नाटकात भूमिका कशी द्यायची? १८२९ सालच्या डिसेंबरात बर्लिनमधल्या एका घरात ही अडचण खरोखर उभी राहिली होती. माणूस घरचा जावई होता, लग्नाला तीन महिनेही झाले नव्हते. त्याला प्रेक्षकांत बसवून बाकीच्यांनी गायचं हे कुणालाच रुचणारं नव्हतं. आणि नाटक रचणारा होता त्याचा वीस वर्षांचा मेहुणा, फेलिक्स मेंडेलसोन.

निमित्त होतं आईवडिलांच्या लग्नाला पंचवीस वर्षं पूर्ण होण्याचं. आब्राहाम आणि लेआ यांचं लग्न २६ डिसेंबर १८०४ रोजी झालं होतं. या रौप्यमहोत्सवासाठी घरातल्या दोन संगीतकारांनी, म्हणजे चोवीस वर्षांच्या फॅनीनं आणि वीस वर्षांच्या फेलिक्सनं, एकेक रचना केली. दोन्हींत गाणं होतं, दोन्हींत पात्रं होती. गाणारेही बहुतेक घरचे, नाहीतर घरोब्यातले. नाटक आणि संगीत एकत्र बांधलेल्या खासगी मैफली युरोपात त्या काळी पुष्कळ होत असत. पण एकाच प्रसंगासाठी भावानं आणि बहिणीनं आपापली कृती लिहिली, ती लिहिताना कोणत्या अडचणी आल्या, त्या कशा सोडवल्या आणि पुढं त्या दोन हस्तलिखितांचं काय झालं, हे इतक्या तपशिलानं क्वचितच सांगता येतं. म्हणून हे प्रकरण निवडलं.

घर

पत्ता होता लाइपत्सिगर स्ट्रास ३. पेढीवाले आब्राहाम मेंडेलसोन यांनी ही प्रशस्त वास्तू १८२५ मध्ये घेतली. मागं मोठी बाग आणि बागेच्या कडेला एक बैठं घर होतं. पुढं १८३१ पासून याच बागघराच्या दालनात फॅनीच्या रविवारच्या मैफली भरू लागल्या. ती जागा नंतर सरकारकडं गेली, आणि आज तिथं जर्मनीच्या संसदीय व्यवस्थेतल्या राज्यांच्या सभागृहाची, बुंडेसराटची इमारत आहे.

या घराला नाटक नवं नव्हतं. १८२० पासून, म्हणजे अकरा-बारा वर्षांचा असल्यापासून, फेलिक्स एकामागून एक छोटी संगीत नाटकं लिहीत आला होता. ती घरातच व्हायची, पाहुण्यांसमोर. चार भावंडांपैकी फॅनी आणि फेलिक्स रचना करत, रेबेका गात असे, धाकटा पाउल चेलो वाजवत असे. वडिलांनी पैसा सढळ हातानं खर्च केला होता. मुलाला आपली रचना कानांनी ऐकता यावी म्हणून दरबारी वाद्यवृंदातले वादक पैसे देऊन घरी बोलावले जात. शिकणाऱ्या संगीतकाराला यापेक्षा मोठं भाग्य कोणतं? कागदावर लिहिलेलं आठवड्याभरात कानावर पडायचं, चुकलेलं लगेच कळायचं.

मात्र हे भाग्य दोघांच्या वाट्याला सारखं आलं नाही. १८२० च्या जुलैमध्ये, फॅनी चौदा वर्षांची असताना, वडिलांनी तिला पत्रातून स्पष्ट सांगितलं होतं की संगीत कदाचित फेलिक्सचा व्यवसाय होईल, तुझ्यासाठी मात्र तो अलंकारच असू शकतो आणि अलंकारच राहिला पाहिजे. दोघांचे शिक्षक तेच, पियानोवरची तयारी तोडीस तोड. फॅनीनं तेराव्या वर्षी वडिलांच्या वाढदिवसाला अठराव्या शतकातला थोर जर्मन संगीतकार बाख याचे प्रिल्यूड, म्हणजे पियानोवर वाजवायचे छोटे तुकडे, तोंडपाठ वाजवून दाखवले होते. त्या पत्राचं सावट या सगळ्या प्रकरणावर आहे, म्हणून ते इथंच सांगून टाकलं.

१८२९ चा उन्हाळा आणि शरद

या वर्षी घरात फार घडामोडी झाल्या. ११ मार्चला फेलिक्सनं बर्लिनच्या सिंगअकाडेमी या गायनसंस्थेत बाखचं सेंट मॅथ्यू पॅशन, म्हणजे ख्रिस्ताच्या अखेरच्या यातनांची संगीतकथा, उभं केलं. बाखच्या पश्चात जवळजवळ विस्मरणात गेलेली ही कृती त्या दिवसापासून पुन्हा जगाची झाली. त्यात ख्रिस्ताचं गायन केलं होतं एडुआर्ड देव्रिएंत या दरबारी ऑपेराच्या गायकानं. तो घरचा मित्र, आणि पुढं तो आपल्या गोष्टीत येणार आहे. एप्रिलमध्ये फेलिक्स इंग्लंडला गेला. तिथं त्याचा जुना मित्र कार्ल क्लिंगेमान हानोव्हरच्या वकिलातीत नोकरीला होता. आधी बर्लिनमध्ये असताना तो मेंडेलसोनांच्याच वास्तूत राहायचा, कारण वकिलातीनं तिथली जागा भाड्यानं घेतलेली होती. दोघं मिळून स्कॉटलंड फिरले. फेलिक्सच्या ‘हेब्रिडीज’ या वाद्यवृंदासाठीच्या नांदीची पहिली सुरावट ऑगस्टमधल्या याच प्रवासात कागदावर उतरली.

फॅनीचं लग्न ठरलं होतं ३ ऑक्टोबरला, चित्रकार विल्हेल्म हेन्सेल याच्याशी. फेलिक्स लग्नाला येणार होता, आणि चर्चमध्ये ऑर्गनवर वाजवायची रचना पाठवण्याचं त्यानं कबूल केलं होतं. सप्टेंबरमध्ये लंडनच्या रस्त्यात त्याची घोडागाडी उलटली. पायाला मार लागला आणि तो जवळपास दोन महिने अंथरुणाला खिळला. भाऊ आला नाही, रचनाही आली नाही.

पुढचा प्रसंग फॅनीच्याच पत्रातून कळतो. लग्नाच्या आदल्या रात्री घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. नऊच्या सुमारास विल्हेल्मनं सुचवलं, तूच का लिहीत नाहीस? आणि ती त्या गर्दीत लिहायला बसली. साडेबारा वाजता रचना पुरी झाली होती. दुसऱ्या दिवशी लग्न लागल्यावर बाहेर पडताना ऑर्गनवर तीच वाजली. नवरीनं स्वतःच्या लग्नाचं संगीत रात्री साडेतीन तासांत लिहिलं! भावाची जागा रिकामी राहिली तेव्हा ती जागा भरायला तिला कुणाची परवानगी लागली नाही, आणि नवऱ्यानं तर पुढं केलं. वडिलांनी आखून दिलेल्या मर्यादेत असा एखादा कोपरा मोकळा सापडला की फॅनी किती वेगानं काम करायची, ते या रात्री दिसतं.

इकडं लंडनमध्ये पडल्यापडल्या फेलिक्सच्या डोक्यात डिसेंबर घोळत होता. क्लिंगेमाननं संहिता लिहायला घेतली. नाव ठेवलं ‘हाइमकेअर आउस डेअर फ्रेम्डं’, म्हणजे परमुलखातून घरी परत येणं. संगीताची सुरुवात लंडनला झाली. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात फेलिक्स बर्लिनला पोचला आणि उरलेलं काम तिथं उरकलं. तालमींना हातात तीन आठवडेही नव्हते.

दोन कृती

फॅनीची कृती ‘फेस्टश्पील’ या नावानं ओळखली जाते, म्हणजे समारंभासाठीचं नाट्य. शब्द विल्हेल्मचे. कल्पना अशी की लग्न हेच पात्र होऊन समोर येतं : पहिलं लग्न, रौप्यलग्न आणि सुवर्णलग्न, तिन्ही स्त्रीकंठांत. गोष्ट म्हणावी अशी त्यात नाही. आपल्याकडच्या नांदीसारखं किंवा मंगलाष्टकांसारखं, प्रसंगाला उद्देशून केलेलं हे आवाहन आहे. पण ते तिनं वाद्यवृंदासाठी लिहिलं, ही गोष्ट मोठी. तोवर तिची बहुतेक सगळी निर्मिती गीतं आणि पियानोच्या रचना यांतली होती. वाद्यवृंदासाठी लिहिण्याची संधीच तिला कुठं मिळणार होती? ती मिळाली घरातल्या समारंभामुळं.

फेलिक्सचं नाटक एकांकी आहे. एका खेड्यात गावप्रमुख शुल्झ आणि त्याची बायको उर्सुला राहतात. मुलगा हर्मान बरीच वर्षं बाहेर, सैन्यात आहे. घरात वाढलेली लिस्बेट त्याची वाट पाहते आहे. त्यातच काउत्स नावाचा एक भटका फेरीवाला गावात येतो आणि लबाडी करून हर्मान म्हणून मिरवायला बघतो. खरा हर्मानही परततो, पण ओळख लपवून, फिरत्या गवयाच्या वेशात. रात्री गस्तवाल्याच्या वेशातला गोंधळ, सकाळी उलगडा, आणि शेवटी सगळे एकत्र. गोष्ट साधी आहे, पण त्या दिवाणखान्यात बसलेल्यांना प्रत्येक वळण ओळखीचं होतं. परमुलखातून परतलेला मुलगा समोरच होता, अपघातातून नुकताच उठलेला.

पात्रयोजना

या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग मला पात्रयोजनेचा वाटतो. व्यावसायिक नाटकात आधी भूमिका लिहितात, मग माणूस शोधतात. इथं माणसं ठरलेली होती आणि भूमिका त्यांच्या मापानं बेतल्या गेल्या.

काउत्स झाला देव्रिएंत, कसलेला दरबारी गायक. त्याला फेलिक्सनं ‘मी खूप मुलूख फिरलेला माणूस’ अशा अर्थाचं भराभर म्हणायचं खटकेबाज पद दिलं. जीभ, श्वास आणि अभिनय तिन्ही पणाला लावणारं हे पद पुढं इंग्लंडमध्ये स्वतंत्रपणे लोकप्रिय झालं. हर्मान झाला एडुआर्ड मान्टियुस, तेव्हा कायद्याचा विद्यार्थी, गोड आवाजाचा. वर्षभरातच तो बर्लिन ऑपेरात दाखल झाला आणि तिथला नावाजलेला गायक ठरला. लिस्बेट झाली रेबेका. उर्सुला झाली फॅनी.

ही शेवटची निवड जरा थांबून पाहावी अशी आहे. परदेशी गेलेल्या मुलाची वाट पाहणारी आई रंगवायची होती, आणि प्रेक्षकांत खरी आई बसली होती. एप्रिलपासून डिसेंबरपर्यंत फेलिक्सची वाट लेआनं पाहिली, तशीच फॅनीनंही पाहिली होती, आणि लग्नाच्या दिवशी तर सर्वांत जास्त. नांदी संपल्यावरचं पहिलं पद उर्सुलाचं आहे. भावानं आपल्या नाटकाचं दार बहिणीच्या आवाजानं उघडलं.

आता उरला विल्हेल्म. उर्सुलाचा नवरा, म्हणजे शुल्झ, त्यानंच व्हायचं हे ओघानं आलं. नवरा-बायकोच नवरा-बायको झाले. पण शुल्झला तिघांच्या एका पदात गायचं होतं, आणि विल्हेल्मला सूर लागत नव्हता. फेलिक्सनं त्याच्यासाठी पाश्चात्त्य सप्तकातला एकच स्वर लिहिला. एफ. पदभर तोच, तालात पुन्हा पुन्हा म्हणायचा.

हे करायला नुसता चांगुलपणा पुरत नाही, कसब लागतं. आपल्याकडं तंबोरा षड्ज धरून ठेवतो आणि गाणारा त्याच्याभोवती हिंडतो. पाश्चात्त्य स्वरमेळात आणखी एक सोय आहे : धरलेल्या स्वराखालची जमीनच बदलता येते. एफ हा स्वर एफ मेजर या तीन स्वरांच्या मेळात पाया असतो, डी मायनरमध्ये मधला होतो, बी फ्लॅट मेजरमध्ये सर्वांत वरचा. गाणारा जागचा हलत नाही, पण आजूबाजूचे सूर सरकले की त्याच स्वराचा रंग पालटतो. त्यात हा माणूस गावचा प्रमुख आहे, वयस्क, आपल्या म्हणण्याला चिकटून राहणारा. भोवती बाकीचे वर-खाली होत आहेत आणि हा आपला एकच सूर धरून बसला आहे. गायकाची उणीव स्वभावचित्र होऊन गेली. नाटक लिहिणाऱ्या कुणालाही हेवा वाटावा अशी ही जागा आहे.

आणि प्रयोगात काय झालं? देव्रिएंतनं नंतर लिहून ठेवलेल्या आठवणींनुसार तो एक स्वरही विल्हेल्मला सापडला नाही, बाजूची माणसं कुजबुजत, गुणगुणत तो पुरवत असतानाही. समारंभाला आलेले लोक मनापासून हसले. मेहुण्याची, नवऱ्याची, जावयाची ही फजिती त्या घराला आपली वाटली असणार. त्याच वर्षी विल्हेल्मनं काढलेलं ‘चाक’ नावाचं एक चित्र आहे. मेंडेलसोन भावंडांचा आणि मित्रांचा कंपू चाकासारखा गोल मांडला आहे, मध्यभागी स्कॉटिश पोशाखात वाद्य वाजवणारा फेलिक्स, आणि विल्हेल्म स्वतः चाकाबाहेर, फॅनीला साखळीनं जोडलेला. बाहेरून आलेल्याला या घट्ट वर्तुळात शिरणं सोपं नव्हतं, हे त्यानंच रेखाटून ठेवलंय. डिसेंबरात त्याला त्या वर्तुळात जागा मिळाली ती त्या एका स्वरामुळं.

ऐन वेळचं संकट

प्रयोगाच्या तोंडावर देव्रिएंतला युवराजांकडच्या दरबारी मैफलीत गाण्याचा हुकूम आला. दरबारी ऑपेराचा नोकर, नाही म्हणणं शक्य नव्हतं. काउत्सशिवाय नाटक होणार नव्हतं. फेलिक्सचा ताण इतका वाढला की त्या संध्याकाळी कुटुंब जमलेलं असताना तो असंबद्ध बोलू लागला, आणि तेही इंग्रजीत. घरचे घाबरून गेले. वडिलांनी करड्या आवाजात बोलून त्याला थांबवलं, त्याला अंथरुणावर नेलं, आणि बारा तासांच्या गाढ झोपेनंतर तो पूर्ववत झाला. हीसुद्धा देव्रिएंतचीच आठवण.

या घटनेकडं लोक अद्भुत कहाणी म्हणून पाहतात. मला त्यात वेगळंच दिसतं. लंडनमध्ये वाहवा मिळवून आलेल्या, बाखला परत आणलेल्या तरुणाला घरातल्या एका प्रयोगानं एवढं हलवून टाकावं? तर हो, कारण त्याच्या लेखी हा प्रयोग दुय्यम नव्हता. बहिणीचं लग्न त्याच्या हातून निसटलं होतं, कबूल केलेली रचना पोचवता आली नव्हती. आईवडिलांचा दिवस तरी हुकायला नको होता.

हुकला नाही. देव्रिएंत आला आणि नाटक झालं.

नंतर

फॅनीच्या बाबतीत त्या डिसेंबरचा परिणाम लगेच दिसतो. १८३१ या एका वर्षात तिनं गायक आणि वाद्यवृंद यांच्यासाठी तीन मोठ्या कृती लिहिल्या : मुलाच्या पहिल्या वाढदिवसाला ‘लोबगेसांग’, स्वतःच्या लग्नाच्या वाढदिवसासाठी ‘हिओब’, आणि वडिलांच्या वाढदिवसाला, कॉलऱ्याची साथ ओसरल्यावर, बायबलमधल्या प्रसंगांवर आधारलेलं गायन. तारखा नीट पाहिल्या तर तिला रचना मागणारं कोण होतं ते कळतं. प्रकाशक नव्हता, ऑपेरा नव्हती. घरातलं पंचांग होतं. वाढदिवस आले, लग्नाचे दिवस आले की तिला मोठं काही लिहायला निमित्त मिळायचं.

तिची सहा गीतं तोवर फेलिक्सच्या नावावर त्याच्या ओपस (म्हणजे प्रकाशित कृतींचा क्रमांक) ८ आणि ९ या संग्रहांत छापली गेली. १८४२ मध्ये राणी व्हिक्टोरियानं बकिंगहॅम राजवाड्यात फेलिक्सचं म्हणून जे आवडीचं गीत निवडून गायलं, ते फॅनीचं निघालं, आणि फेलिक्सला राणीसमोर तसं कबूल करावं लागलं.

१८३७ मध्ये आईनं फेलिक्सला गळ घातली की फॅनीला रचना छापायला तू प्रोत्साहन दे. त्यानं नकार दिला. ती तिच्या घरसंसारात रमलेली आहे, रचनाकार म्हणून जगापुढं येण्याची तिला ना ओढ आहे ना गरज, असा त्याच्या उत्तराचा आशय होता. तिनं स्वतःहून छापलं तर मदत करीन, पण भरीला घालणार नाही. मी हे पत्र वाचते तेव्हा मला तो एफ आठवतो. ज्याला एक स्वर धरता येत नाही त्याच्यासाठी जागा करण्याची कल्पकता ज्या माणसाकडं होती, त्याला सगळे स्वर येणाऱ्या बहिणीसाठी जागा करावीशी वाटली नाही. त्याचं तिच्यावर अपार प्रेम होतं, तिच्या कानावर न घालता तो महत्त्वाची रचना पुरी करत नसे. तरीही त्यानं जागा केली ती घराच्या आत. अंगणाच्या पलीकडं नाही.

१८४६ मध्ये, चाळिसाव्या वर्षी, फॅनीनं स्वतःच प्रकाशकाला होकार दिला आणि मग भावाला कळवलं. चौदाव्या वर्षी वडिलांची जेवढी धास्ती वाटायची तेवढीच आज भावांची वाटते, असं तिनं त्या पत्रात लिहिलं. महिनाभरानं त्याचा आशीर्वाद आला. सहा गीतांचा ओपस १ बाहेर पडला. १४ मे १८४७ रोजी बागघराच्या त्याच दालनात, येत्या रविवारसाठी फेलिक्सच्या ‘वालपुर्गिसनाख्ट’ या वृंदगायनाच्या कृतीची तालीम घेताना तिचे हात पियानोवर चालेनासे झाले. त्याच रात्री ती गेली. ४ नोव्हेंबरला फेलिक्सही गेला.

त्या रौप्यमहोत्सवाच्या दोन्ही कृती तोवर घरातच होत्या. फेलिक्सनं आपलं नाटक हयातीत जाहीर रंगमंचावर येऊ दिलं नव्हतं. ती आईवडिलांची भेट होती. त्याच्या मृत्यूनंतर त्याला ओपस ८९ हा क्रमांक मिळाला आणि १८५१ मध्ये लाइपत्सिगला, त्याच वर्षी लंडनलाही, ते लोकांपुढं आलं. फॅनीचं ‘फेस्टश्पील’ दीर्घकाळ हस्तलिखितातच राहिलं. तिच्या मोठ्या कृतींकडं अभ्यासकांचं आणि गायक-वादकांचं गंभीर लक्ष वळायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. दोन्ही कृती आज एकाच संध्याकाळी, मूळ क्रमानं, मधे भावंडांच्या पत्रांचं अभिवाचन ठेवून सादर करायला काहीच हरकत नाही. गायक थोडे लागतात, नेपथ्य जवळजवळ लागतच नाही. माझी एवढीच विनंती राहील की फॅनीची कृती तोंडीलावणं म्हणून कापून छोटी करू नये.

फेलिक्सचं नाटक आता कुठंही झालं तरी शुल्झच्या भूमिकेला गाता येणारा माणूस घेतात, दमदार आवाजाचा, शिकलेला. तिघांचं पद सुरू होतं, बाकीचे दोघं सुरांच्या पायऱ्या चढत-उतरत राहतात, आणि त्याच्या कागदावर ओळीमागून ओळ विल्हेल्मचा तो एकच एफ असतो.